एका शब्दासाठी नाणे मावळात

लोणावळे

लोक लोणावळ्याला हवा खायला जातात. मी गेलो तो कौतुक करून घ्यायला, हे आधीच सांगून टाकतो. बसऱ्याच्या मुलखात लढाईची आणि लढाईनंतरची मिळून जी वर्षं काढली, त्यांवर मी एक पुस्तक लिहिलं आणि पुण्यात ते बऱ्यापैकी वाचलं गेलं. वळवणच्या रस्त्याला बंगला असलेल्या एका वकिलांनी निरोप धाडला, की नाताळच्या सुटीत आमच्याकडे मंडळी जमतात, त्यांना तुमच्या तोंडून काही ऐकायचं आहे, तेव्हा राहायलाच या. मी एकटा माणूस. पुण्यात भाड्याची एक खोली, खानावळीचा डबा आणि खिडकीतून दिसणारी दुसऱ्या कुणाची तरी खिडकी, एवढा माझा संसार. चार बायकामुलांचे आवाज कानावर पडतील, एवढ्याच लोभानं मी पिशवी भरली आणि पलटणीतला जुना खाकी कोट अंगावर चढवून आगगाडीत बसलो.

स्टेशनावर उतरलो तो दात वाजायला लागले. बाहेर गुडदाणीवाले ओरडत होते. बसऱ्याला अशाच गलक्यात खजूर विकतात. फरक इतकाच, की खजुराला माश्या फार आणि गुडदाणीला दात चांगले लागतात. मी थोडी घेतली आणि पहिल्याच घासाला एक दाढ हलवून घेतली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंगले, बंगल्यांना नावं, नावांपुढे बागा आणि बागांत लोकरी टोपडी घातलेली मुलं. मी बरीच वर्षं सपाट मुलखात काढलेली. तिकडे नजर टाकली की ती कुठे अडतच नाही. माणूस जाताना दिसतो तो बराच वेळ जातच राहतो. इथे मात्र कुठेही पाहा, डोंगर आडवा येतो. परत आल्यावर पहिले काही महिने मला या डोंगरांची भीती वाटायची, हे कुणाला सांगून पटत नाही.

दुपारी व्हरांड्यात सतरंज्या घातल्या. मी नदीवरच्या होड्यांबद्दल वाचलं, कहवाखान्यांबद्दल वाचलं, तिथली माणसं बिनदुधाचा चहा एवढ्याशा काचेच्या पेल्यातून कशी पितात ते सांगितलं. मंडळी हसली. पण सगळे वाट पाहत होते ती धोंडूच्या पानाची.

ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांच्यासाठी ते पान थोडक्यात सांगतो. आम्हां जखमींना आणि आजाऱ्यांना आगबोटीची वाट पाहत नदीकाठी वाळूवर निजवून ठेवलं होतं. मला त्या मुलखात येऊन जेमतेम महिना झाला होता आणि तेवढ्यात पायाला गोळी लागली होती. शेजारी धोंडू होता. हा मावळातला, माझ्याच खेचरांच्या तुकडीतला, माझ्या खूप आधी तिकडे गेलेला. त्याला ताप चढला होता. दुपारी त्याचं भान गेलं आणि तो "माय... माय..." म्हणू लागला. मला उठता येत नव्हतं. तेवढ्यात नदीवर हंडा भरायला आलेली एक अरब बाई ते ऐकून थांबली. जवळ आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओंजळीनं त्याला पाणी पाजलं. दिवस मावळायच्या आत धोंडू गेला. यावर मी लिहिलं होतं: 'माय हा शब्द कळायला भाषा यावी लागत नाही.'

हे वाक्य वाचलं की बायका पदर डोळ्यांना लावतात. इथेही लावले. वकील म्हणाले, "तेवढं पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. मला स्वतःला ते वाक्य फार आवडायचं.

मंडळी चहाला उठली तेव्हा मागे बसलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. काळी टोपी, कोपरावर ठिगळ लावलेला कोट. नाणे मावळातल्या एका शाळेवर मास्तर होते.

"तुमचा धोंडू आमच्या गावचा," ते म्हणाले. "म्हणजे आम्ही तसं समजत होतो. त्याची आई म्हणते, हा तो नव्हे."

"नव्हे कसा?"

"तुमचं पुस्तक मीच तिला वाचून दाखवलं. बरं केलं की वाईट, मला कळत नाही. सरकारी तार आली होती तेव्हा तिनं रडून घेतलं, दिवसही घातले. आता म्हणते, माझ्या लेकानं मला जन्मात कधी माय म्हटलं नाही. आमच्याकडे आये म्हणतात. पलटणीत धोंडू पुष्कळ, मेला तो दुसराच कुणी. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं."

मी खानदेशचा. आमच्याकडे आईला मायच म्हणतात, त्यामुळे यात काही खटकण्यासारखं आहे हे मला सुचलंही नव्हतं.

"आणि सून?" मी विचारलं.

"तिला कोण विचारतंय! पोर तशी तरणी आहे. भाऊ न्यायला आले होते. पलीकडच्या गावात तिचा पाट लावून द्यायचं ठरत आलं होतं. माणूस बरा आहे, अजून थांबलाय. म्हातारीनं भावांना दारातून परत लावलं. नवरा जिवंत असलेल्या बाईचा पाट कसला लावता, म्हणाली." गुरुजींनी टोपी काढून पुन्हा घातली. "तुम्ही एकदा येऊन तिच्यासमोर बसा. तुम्ही शेवटी त्याच्याजवळ होतात. तुम्ही म्हणाल ते ती मानेल."

चहाबरोबर शिरा होता. तो तसाच ठेवून मी गुरुजींना सकाळची गाडी कितीची ते विचारलं.

कामशेतच्या पुढे

सकाळच्या गाडीनं आम्ही कामशेतला उतरलो आणि चालायला लागलो. धुकं निवळत होतं. भाताची कापणी होऊन गेली होती. शेतांत नुसते सड उरले होते आणि खळ्याखळ्यांवर पेंढ्या झोडल्याचा धपधप आवाज चालला होता. आंबेमोहोराचा वास सगळ्या वाटेवर. तिकडे असताना मला या वासाची आठवण यायची नाही, कारण आमच्या खानदेशात ज्वारी. धोंडूला यायची. खेचरांच्या पाठी घासता घासता तो या वासाबद्दल बोलायचा आणि मी म्हणायचो, पुरे रे तुझा भात.

पहिल्याच वाडीत फजिती झाली. माझा खाकी कोट आणि काखेतली पिशवी पाहून एक बाई ओरडली, "देवीवाला आला गं!" आणि बघता बघता अंगणातली सगळी पोरं नाहीशी झाली. कुणी कणगीत, कुणी गोठ्यात. मी देवी टोचणारा नाही, हे गुरुजींनी पटवून देईपर्यंत एका म्हातारीनं आपल्या नातवाला पेंढ्याखाली पुरता गाडून टाकला होता. आम्ही वाडीच्या बाहेर पडलो तेव्हा पेंढा शिंकला. गुरुजी खूप हसले. मीही हसलो, पण परदेशातून आल्यापासून आपल्याला पाहून कुणी दचकलं की मला वाटतं, बरोबरच आहे.

नदी उतरायची होती. पाणी गुडघ्याच्या खाली, पण गार, आणि ओलांडायला मोठाले धोंडे टाकलेले. गुरुजी टुणटुण करत पार झाले. मी मधल्या धोंड्यावर पाय दिला तो धोंडा कलला आणि मी एका पायानं पाण्यात. बूट, मोजा, विजारीचा पाय, सगळं भिजलं.

"अहो, तो मधला हलतो!" गुरुजी पलीकडून ओरडले. "सांगायचं राहिलं!"

मला सांगून झालं होतं. तिकडच्या दिजला नदीच्या काठी खेचरांना पाणी पाजताना धोंडू म्हणाला होता, "आमच्या नदीत मधला धोंडा हालतो, हवालदार. नवा मानूस हटकून पडतो. आमी पोरं झाडाआड बसून बघायचो." मी तिथेच पाण्यात उभा राहिलो. काठावर खरंच एक उंबर होता, मागे लपायला चांगला जाड. धोंडू हाच, याबद्दल मला तसाही संशय नव्हता. आता तर काहीच उरला नाही. पण त्या उंबरामागून हसायला कुणी नव्हतं, आणि मला एकदम इतकं एकटं वाटलं की गुरुजींनी हाक मारेपर्यंत मी हललो नाही.

धोंडूचं अंगण

धोंडूच्या आईचं नाव सोनाबाई. उंच, वाळलेली, कासोटा घट्ट मारलेली बाई. अंगणात उभी राहून सुपानं भात उफणत होती. आम्हाला पाहून तिनं सूप खाली ठेवलं नाही, हातातलं संपवलं आणि मग म्हणाली, "बसा. हौसा, पावन्यास्नी पानी आन."

सून तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पण तांब्या ठेवल्यावर ती आत गेली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

सोनाबाईची नजर माझ्या बुटावर गेली. "मधल्या धोंड्यावर पाय दिला जनू?"

"हो," मी म्हणालो. "आणि धोंडूनं मला सांगितलं होतं, की तो हलतो."

तिनं पुन्हा बुटाकडे पाहिलं. "त्यानं समद्या पलटनीला सांगितलं आसंल. बोलका लय. एकाचं ऐकून दुसरा सांगत आसंल." मग माझ्यासमोर बसत म्हणाली, "आता तुमी सांगा. बुकात लिवलंय ते न्हाई, तुमच्या तोंडानं."

मी सांगितलं. वाळू, ताप, ती बाई, तिचा हंडा. माझं प्रसिद्ध वाक्य काही मला त्या अंगणात उच्चारता आलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि समाधानानं मान डोलावली.

"बघा. माय म्हनला. माजा लेक न्हवं त्यो. माय कोन म्हनतं हितं? कीर्तनात म्हनत्यात. माजा धोंडू आये म्हनायचा. ठेच लागली तरी आये, भूक लागली तरी आये. मरताना मानूस नवीन बोली शिकतंय व्हय?"

गुरुजी जमिनीकडे पाहत होते. दारातल्या हौसानं बोटाला पदर गुंडाळला होता. माझी मान नुसती हलली असती तर ही बाई मरेपर्यंत वाट पाहत आनंदात राहिली असती. मला ती मान हलवावीशी वाटली, हे मी लपवत नाही. आणि ती हलवली असती तर ही पोरगी तिथेच, त्या चौकटीला टेकून, म्हातारी झाली असती. मी म्हणालो, "मावशी, तो धोंडूच होता," पण का, ते मला सांगता येईना. घरात कधी न बोललेला शब्द लेकाच्या तोंडी कसा आला?

"ऱ्हाऊ द्या," सोनाबाई म्हणाली. "जेवून घ्या आधी."

जेवायला तांदळाची भाकरी, भात आणि खेकड्यांचं कालवण होतं. मला खेकडा फोडता येत नाही. सोनाबाईनं माझ्या ताटातला नांगा उचलला, पाट्यावर एक टोला दिला आणि परत ठेवला. जिंकलेल्या माणसासारखी ती आता मोकळी झाली होती आणि उत्साहानं चौकशी करत होती. तिकडं भात पिकतो का? पिकतो, पण असा नाही. भाकरी? भट्टीच्या भिंतीला थापतात, खुबूस म्हणतात. बायका शेतात जातात का? जातात, आणि डोक्यावर दह्याची मडकी घेऊन बाजारातही येतात.

"आन् त्यास्नी आपली बोली येत न्हाई?"

"नाही."

"मंग माजा धोंडू कसं करत आसंल? त्यो खेचरं घिऊन रोज नदीवं जायाचा म्हनता. ती मानसं घाटावं. तान लागली तर पानी कसं मागत आसंल त्यास्नी?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि घास तसाच राहिला.

वाचकहो, बसऱ्याच्या बाजूच्या अरबी बोलीत पाण्याला 'माय' म्हणतात. लढाईनंतर मी तिथल्या बंदरात कारकुनी केली, रोज संध्याकाळी कहवाखान्यात बसलो आणि रोज पोऱ्याला हाक मारून 'माय' मागितलं. रोज. पुण्याला येऊन पुस्तकात होड्यांपासून माश्यांपर्यंत सगळं लिहिलं. आणि तो शब्द आणि धोंडूचा शब्द एकच आहे, हे मला एकदाही सुचलं नाही. मराठी माणसाच्या तोंडून तो आला, म्हणून मी तो मराठी समजलो. नदीवर हंडा भरणाऱ्या बाईला मात्र तो जसा होता तसाच ऐकू आला. भाषा यावी लागत नाही म्हणे! भाषा येत होती म्हणूनच ती थांबली. धोंडूला येत होती, तिला येत होती. येत नव्हती ती मला.

"काय झालं?" सोनाबाई म्हणाली. "कवच टोचलं का?"

मी हात धुतले आणि सांगितलं. जे वर लिहिलं तेच, याहून कमी शब्दांत.

खळ्यावरची झोडणी चालूच होती. सोनाबाईनं ताटाभोवती सांडलेली शितं एकेक करून वेचली.

"म्हंजी," ती म्हणाली, "मला हाक न्हाई मारली त्यानं."

पुस्तकात निदान एक हाक होती, मग ती कुणाच्या का आईला असेना. मी तिच्याकडून लेक काढून घेतला आणि हाकही काढून घेतली. खरं सांगायचं तर ती हाक माझीच होती. मी तिकडे असताना माझी माय गेली. कळलं तेव्हा महिने उलटले होते. त्या वाळूवर पडल्या पडल्या मला जी हाक मारावीशी वाटत होती, ती मला शेजाऱ्याच्या तोंडून ऐकू आली, आणि पुढे मी ती लोकांना वाचून दाखवत फिरलो.

"नाही मावशी," मी म्हणालो. "पाणी मागितलं त्यानं."

"मिळालं?"

"मिळालं. त्या बाईनं पाजलं."

"घोटभर का पोटभर?"

"पोटभर. हंड्यात परत परत हात घालून पाजत होती. तो तोंड मिटेपर्यंत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

तिनं शितं ताटात टाकली. "मंग माजाच त्यो," ती म्हणाली. "ल्हानपनापास्नं तसाच. तान लागली की दम न्हाई त्याला."

ती उठली, दारापाशी गेली आणि हौसाच्या खांद्यावर हात ठेवून तिला आत घेऊन गेली. आतून रडण्याचा आवाज आला, दोघींतला कुणाचा ते मला कळलं नाही. आम्ही दोघे पुरुष अंगणात ओशाळून बसलो. एक कोंबडी येऊन उफणलेल्या भातात शिरली. गुरुजींनी तिला हाकललं नाही, मीही नाही. सोनाबाई बाहेर आली तीच कोंबडीवर ओरडत.

"गुरजी," ती सूप उचलत म्हणाली, "हिच्या भावास्नी सांगावा धाडा. म्हनावं, या. सोनाबाई आता काय बोलत न्हाई."

गाडीची वेळ होत आली होती. मी कोट चढवला, ओला बूट कसाबसा पायात कोंबला. मग सोनाबाईला वाकून नमस्कार केला. तिनं मान हलवली आणि पुन्हा उफणायला लागली. वाऱ्यावर फोलकट उडत होतं, दाणे सुपाखाली पडत होते. मी अंगणाच्या कडेला पोचलो तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"हौसा, पावनं निगाल्यात. उन्हाचं जायाचं हाय. त्यास्नी माय दे."

हौसाला कळलं नाही. ती दारात तशीच उभी राहिली.

"पानी गं," सोनाबाई म्हणाली. तिचं लक्ष सुपाकडे होतं. "तिकडं माय म्हनत्यात."

हौसा तांब्या भरून घेऊन आली. तिचं कपाळ पुसलेलं होतं आणि पाणी लावल्यानं अजून ओलं होतं. या खेपेला तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वाकून ओंजळ पुढे केली आणि ती वरून ओतू लागली. नदीचंच पाणी असावं, दात शिवशिवतील इतकं गार. मला तहान तशी नव्हती. तरी पुरे म्हणून मान हलवायला मला बराच वेळ लागला.